दापोलीतल्या घरावर ३ किलोवॅट सोलर: वारा, अर्थिंग आणि माडांची सावली

अंगणातली_तुळस

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आत. पुढचं घर जांभ्याचं, कौलारू. मागच्या अंगाला सासऱ्यांनी १९९८ साली स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक खोली अशी स्लॅबची बाजू वाढवली. ती गच्ची २४ फूट बाय १४ फूट आहे, लांबी पूर्व-पश्चिम. तिच्यावर सोलर बसवायचं मनात आहे. कौलांवर कुणाला चढू द्यायचं नाही, हे घरात आधीच ठरलंय.

वापर असा आहे: फ्रीज, गीझर, विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप (बागेचा वेगळ्या मीटरवर आहे) आणि दोन खोल्यांना एसी. एप्रिल-मे महिन्यांत मुलं-नातवंडं आली की ४०० ते ४५० युनिट जळतात. पावसाळ्यात १६०-१७०, गणपतीच्या महिन्यात २८०. एरवी २४० च्या आसपास.

दोन कोटेशन आली आहेत. पहिलं १ लाख ८५ हजारांचं: ५४० वॅटची ६ पॅनेल, ८ फूट उंच स्ट्रक्चर, ‘खाली कपडे वाळत घालता येतील, मिरच्या-आमसुलं सुकवता येतील’ म्हणाले. दुसरं २ लाख २० हजारांचं: पॅनेल त्याच वॅटची, पण बुटकं स्ट्रक्चर, काँक्रीटचे पेडेस्टल (पायाखालचे ठोकळे) आणि तीन अर्थिंग. दोघंही पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८ हजार अनुदान मिळेल म्हणतात. पॅनेल तीच तर वरचे ३५ हजार कशाचे, हे मला कळत नाही.

मुख्य भीती वाऱ्याची. निसर्ग वादळात आमच्या वाडीतली पत्र्याची शेड उडून दोन घरांपलीकडे पडली होती आणि वीज यायला महिना उलटला. तेव्हा दुसरा प्रश्न हा की वीज गेल्यावर सोलरवर घर चालेल ना? पावसाळ्यात आमच्याकडे रोजचंच आहे ते.

आणखी दोन गोष्टी. गच्चीच्या पश्चिमेला चार माड आहेत, सगळ्यांत जवळचा कठड्यापासून १५ फुटांवर. आग्नेयेला ३० फुटांवर फणस आहे, सासूबाईंनी लावलेला, बरका. त्याचा शेंडा गच्चीच्या पातळीपासून २५ फूट तरी वर असेल. पहिल्या कोटेशनवाल्यांचं म्हणणं, फणस तोडा. तो तोडायचा नाहीये. आणि लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

जाणत्यांनी सांगावं.

पुण्याचा_पेठकर

बिनधास्त बसवा ताई. आमच्याकडे ३ किलोवॅट आहे, बिल शून्यावर आलंय. पॅनेल चांगल्या कंपनीचं घ्या, बाकी सगळीकडे सारखंच असतं. कमी पैशांचं कोटेशन घेऊन टाका.

जांभा_आणि_तार

पेठकर साहेब, पुण्यात बाकी सगळीकडे सारखं असेलही. समुद्रापासून अडीच किलोमीटरवर नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, मी गुहागरकडचा. वायरमनचा परवाना आहे, आधी घरांची वायरिंग करायचो, आता सोलरचीच कामं जास्त असतात. तुमच्या तालुक्यात मी काम घेत नाही, तेव्हा यात माझा कसलाही व्यवहार नाही.

आधी माझं मत सांगतो. कोकणात घासाघीस पॅनेलवर करा. लोखंडावर आणि अर्थिंगवर अजिबात करू नका. पॅनेलच्या वीजनिर्मितीची कंपनीची २५ वर्षांची हमी असते. लोखंडाच्या गंजाची आणि जमिनीत पुरलेल्या पट्टीची हमी कुणी लिहून देत नाही, आणि आमच्या किनाऱ्यावर सोलर बिघडतं ते तिथूनच. वरचे ३५ हजार बहुतेक याच दोन गोष्टींचे आहेत. लोकांना गच्चीवर निळं-काळं पॅनेल दिसतं, खालचा नटबोल्ट कुणी बघत नाही.

वाऱ्याचा हिशेब करू. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर बाय १.१३ मीटर असतं, म्हणजे अडीच चौरस मीटरहून थोडं जास्त. वजन २८ किलोच्या आसपास. ताशी १४० किलोमीटरचा वारा त्याच्या पोटाखालून घुसला तर त्या एका पॅनेलला वर उचलणारं बळ २०० ते २५० किलोच्या घरात जातं. सहा पॅनेल धरा, सव्वा ते दीड टन झालं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२०-१३० च्या घरात होते. तेव्हा १४० धरून बांधणं यात काही जास्तीचं नाही.

आता एक फूट लांब-रुंद-उंच काँक्रीटचा पेडेस्टल ६५ ते ७० किलोचा होतो. आठ ठेवले तरी साडेपाचशे किलो. म्हणजे नुसत्या वजनावर भरवसा ठेवून चालत नाही, पेडेस्टल स्लॅबशी बांधलेला हवा. गच्चीवरचं प्लास्टर आणि कोबा तेवढ्या जागेपुरता काढून, स्लॅबच्या मूळ काँक्रीटमध्ये केमिकल अँकरने (भोकात भरायच्या चिकट रसायनाने) सळ्या बसवायच्या, त्यावर पेडेस्टल ओतायचा आणि भोवतीने वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं. पेडेस्टल शक्यतो खालच्या भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर येतील असे घ्या. दुसऱ्या कोटेशनवाल्यांना विचारा: अँकर कुठला, किती खोल, भोवतीची गळती कोण बघणार. उत्तर पटकन आलं तर माणूस कामाचा आहे.

त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन छताला खालून नीट बघा. १९९८ चा स्लॅब आहे, खारा वारा आहे. पोपडे, गंजाचे तांबूस डाग, सळीच्या रेषेत तडा यांतलं काही दिसलं तर आधी स्लॅबची दुरुस्ती, मग सोलर. एकदा पॅनेल वर चढली की ती उतरवून दुरुस्ती करणं फार महागात पडतं.

८ फुटी स्ट्रक्चर तुमच्या जागी मी कधीच बसवणार नाही. उंची वाढली की पायाशी पडणारा ताण त्याच पटीत वाढतो. १५ अंशांचा उतार ठेवा, पुढचा पाय दीड फूट, मागचा साडेतीन. उतार याहून कमी केला तर पाणी आणि कचरा खालच्या कडेला साचून राहतो, जास्त केला तर वारा जास्त धरतो. मिरच्या अंगणात सुकतील.

लोखंड: ‘जीआय’ एवढाच शब्द ऐकून समाधान मानू नका. एक प्रकार असतो तो आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा. तो नंतर कापतात, भोकं पाडतात, त्यामुळे कापलेली कड आणि भोकाची आतली बाजू उघडी राहते. दुसरा प्रकार म्हणजे कापून, भोकं पाडून, वेल्डिंग करून मग अख्खा नग वितळलेल्या जस्तात बुडवलेला, हॉट डिप, ८० मायक्रॉन. माल घरी आला की भोकाच्या आत बोट फिरवा. बाहेरच्यासारखाच खरबरीत, राखाडी थर आत लागला तर हॉट डिप. आत गुळगुळीत, चकचकीत काळसर लोखंड दिसलं तर माल परत पाठवा. गच्चीवर आणून वेल्डिंग मारायचं आणि वर चंदेरी रंग फासायचा, हे तर मुळीच चालू देऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात तिथून लाल पाणी गळतं.

नटबोल्ट स्टेनलेसचे, ३०४ ग्रेडचे हवेत. इतक्या जवळ समुद्र असताना ३१६ मिळाले तर उत्तम. खिशात चुंबक ठेवा. ३०४ ला तो जेमतेम लागतो. खटकन चिकटला तर तो जस्ताचा मुलामा दिलेला साधा बोल्ट आहे. आणखी एक: वायरी बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतात, त्या उन्हाने दोन-तीन वर्षांत तुटतात आणि वायरी पॅनेलखाली लोंबू लागतात. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी४ कनेक्टर पाण्याच्या थारोळ्यात पडलेले मी कितीतरी गच्च्यांवर बघतो. स्टेनलेसच्या पट्ट्या किंवा पाइप मागून घ्या, खर्च किरकोळ आहे.

आता अर्थिंग. हा विषय मला सगळ्यांत जवळचा, कारण यात लोक सर्रास फसवले जातात. आपला जांभा कातळ पाणी धरून ठेवत नाही. जुलैत अर्थिंग मोजलं तर आकडा छान येतो. तोच खड्डा मे महिन्यात मोजा, रोध कितीतरी वाढलेला असतो. आणि वीज कडाडते कधी? मे महिन्याच्या शेवटी वळवाला आणि परतीच्या पावसाला. म्हणजे अर्थिंग सगळ्यांत कमजोर असतं नेमक्या त्याच वेळी पहिला दणका येतो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करून घ्या, अर्थ टेस्टर लावून, तुमच्या समोर. ५ ओहमच्या आत हवं. एका खड्ड्यात येत नसेल तर दोन खड्डे काही अंतरावर घेऊन पट्टीने जोडतात.

तीन अर्थिंग वेगळी: एक स्ट्रक्चर आणि डीसी बाजूचं (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत; पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र तो इन्व्हर्टर), एक एसी बाजूचं (इन्व्हर्टरपासून मीटरकडे), एक वीजरोधकाचं, म्हणजे लाइटनिंग अरेस्टरचं. अरेस्टरची पट्टी वरून सरळ खाली यावी, काटकोनात वळवू नये. जागा निवडताना कातळ उघडा पडलाय ती सोडा. न्हाणीचं पाणी ज्या माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात जातं, तिथली माती बारमाही ओली असते. त्याच्या शेजारी खड्डा घेतला की अर्धं काम झालं. रॉड तांब्याचा मुलामा असलेला घ्या, लोखंडी पाइप तिथे टिकत नाही.

डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांत एसपीडी (विजेचा अचानक आलेला दणका झेलणारं उपकरण) असल्याची खात्री करा. त्याच्यावर छोटी खिडकी असते, हिरवी. मोठा दणका झेलून तो निकामी झाला की लाल दिसते, मग आतला कप्पा बदलायचा. ढगांचा गडगडाट होऊन गेला की दुसऱ्या दिवशी ती खिडकी बघायची सवय लावून घ्या. हजार-दोन हजारांचा कप्पा वेळेत बदलला नाही म्हणून तीस-पस्तीस हजारांचा इन्व्हर्टर गेलेली घरं मला माहीत आहेत.

वीज गेल्यावर सोलर चालेल का, याचं उत्तर: साध्या ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या यंत्रणेत नाही. महावितरणची वीज गेली की भर उन्हातही इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तसाच तो बनवलेला असतो आणि तसंच पाहिजे. लाइन बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो, तुमच्या गच्चीवरून उलटी वीज तारेत गेली तर तो जिवानिशी जाईल. बॅटरीबद्दल इथे कुणी वापरणारं असेल तर त्यांनी लिहावं.

किती बसवायचं? तुमच्या आकड्यांवरून वर्षाला ३१०० युनिटांच्या आसपास वापर दिसतो. आपल्याकडे कोरड्या महिन्यांत किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरा, जुलै-ऑगस्टमध्ये दीड-दोनच. वर्षाचे किलोवॅटमागे १३०० ते १३५०. पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट, वर्षाला साडेतीन हजार युनिट. तुम्हाला पुरतात. अनुदान पहिल्या २ किलोवॅटला ६० हजार आणि पुढच्या एकाला १८ हजार या दराने आहे, म्हणजे पाच पॅनेलला ७२,६०० होतं. (पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत जी क्षमता कमी असेल ती धरतात, तेव्हा इन्व्हर्टर ३ किलोवॅटचाच ठेवा.) सहावं पॅनेल घेऊन ५,४०० रुपये जास्त अनुदान मिळेल, पण मी तुम्हाला पाचच सुचवतो, कारण जागा. पाच पॅनेल उभी, एका ओळीत लावली तर १९ फूट लागतात. २४ फुटांतली पाच फूट पश्चिमेला, माडांच्या बाजूला, मोकळी राहतात. झावळी किंवा नारळ वाऱ्याने फेकला गेला तरी पॅनेलपर्यंत पोचायची शक्यता तेवढी कमी. पावसाआधी वाळक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या. ते तुम्ही तसंही करतच असाल.

बिल शून्य होत नाही, हेही लिहून ठेवतो. स्थिर आकार दर महिन्याला द्यावाच लागतो. उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात आणि ३१ मार्चला हिशेब होतो. तेव्हा शिल्लक असलेल्या युनिटांचे पैसे तुम्ही भरता त्या दराने मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. कोकणाला एक सोय आहे: वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे उन्हाळ्यात काही युनिट जमली तर ती पावसाळ्यात वापरून टाकता येतात.

आणि तुमचं घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) किती लांब आहे? लाइनच्या शेवटाला असाल तर दुपारी व्होल्टेज चढून इन्व्हर्टर मधूनमधून ट्रिप होतो. गच्चीपासून मीटरपर्यंतची एसी केबल जाड घेतली की आपल्या बाजूचा त्रास कमी होतो.

चतकोर_हिस्सेदार

मी बँकेत कर्ज विभागात आहे, गाव खेड. जांभा दादांनी तांत्रिक बाजू सांगितली, मी कागदांची सांगतो.

ताई, सगळ्यांत आधी बिलावरचं नाव बदला. सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकावर होतो, अनुदान बिलावरच्या नावाच्या माणसाच्या बँक खात्यात येतं. सासऱ्यांच्या नावाने पुढे गेलात तर सगळं बसून झाल्यावर पैसे अडकतात. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, नव्या नावाच्या माणसाचं आधार, आणि वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांचं संमतिपत्र, एवढी तयारी ठेवा. आपल्याकडे घर बहुतेक सामाईक असतं. दीर-नणंदा मुंबईला असतील तर गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा सह्या घेऊन टाका. घरावरचा हक्क यातून कुणाचा जात नाही, फक्त वीज ग्राहकाचं नाव बदलतं, हे त्यांना आधीच समजावून सांगा. या एका गैरसमजापायी अडलेले अर्ज मी बघतो.

बिलावर वर्गवारी ‘घरगुती’ आहे ना, तेही बघा. पाहुण्यांना खोल्या देण्यासाठी कधी व्यावसायिक जोडणी करून घेतली असेल तर त्या मीटरवर हे अनुदान नाही. मंजूर भार बघा. तो १ किलोवॅट वगैरे असेल तर तो वाढावा लागतो, त्याचं काय करायचं ते महावितरणला विचारा. १० किलोवॅटपर्यंत वेगळा तांत्रिक तपास आता लागत नाही, त्यामुळे पूर्वीइतका वेळ जात नाही.

कर्ज हवं असेल तर ३ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला २ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, व्याज रेपो दराशी जोडलेलं असल्यामुळे वैयक्तिक कर्जापेक्षा बरंच कमी. विक्रेत्याने आणलेल्या फायनान्स कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी आपल्या बँकेत एकदा विचारा.

कोटेशन कधीचं आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुनं असेल तर नवं मागून घ्या. आणि कोटेशनवर पॅनेल ‘डीसीआर’ आहे असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे सेलही भारतात बनलेले. तसं नसेल तर पॅनेल स्वस्त पडतं, पण अनुदान मिळत नाही. दोन कोटेशनमधल्या फरकात हेही असू शकतं.

वेंगुर्ल्याची_सून

बॅटरीबद्दल मी लिहिते. आमच्याकडे हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन आणि बॅटरी दोन्हींना जोडलेला) आणि ५ किलोवॅट-तासाची लिथियम बॅटरी आहे. वीज गेली की फ्रीज, सात-आठ दिवे, चार पंखे, वायफाय आणि पाण्याचा पंप अर्धा तास, एवढं आम्ही त्या बॅटरीवर ठेवलंय. एसी आणि गीझर त्या लाइनवर घेतलेलेच नाहीत, वायरिंग करतानाच वेगळे काढले. दिवसा ऊन असेल तर बॅटरी भरत राहते, त्यामुळे दोन-दोन दिवस वीज नसली तरी घर चालतं. पण भर पावसात आठवडाभर ऊन नसेल तर बॅटरी भरणार कशी? जुलैत आम्ही फ्रीजसुद्धा रात्री बंद ठेवतो.

बॅटरीला अनुदान नाही. आमचा तेवढ्याचा वरखर्च लाखाच्या पुढे गेला. घरात सासऱ्यांना रात्री ऑक्सिजनचं यंत्र लागतं म्हणून आम्ही केला. तशी गरज नसेल तर घरात जो साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी असते, तीच राहू द्या. तिच्यासाठी एक छोटं वेगळं पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर लावला की दिवे-पंख्यांपुरतं भागतं, आणि हे सगळं ऑनग्रिड यंत्रणेपासून पूर्ण वेगळं राहतं. माझ्या माहेरी तसंच आहे.

अर्थिंगबद्दल जांभा दादा म्हणतात ते शब्दशः खरं आहे. आमच्या शेजारी एका ठेकेदाराने तीन खड्डे दाखवले, झाकणंही बसवली. गेल्या उन्हाळ्यात एक झाकण उघडलं तर आत रॉड दीड-दोन फुटांचाच, कातळ लागला तिथे कापून टाकलेला. खड्डा भरायच्या आधी स्वतः उभं राहून बघा ताई. फोटो काढून ठेवा.

अंगणातली_तुळस

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज शिडी लावून मिस्टर आणि मी स्वयंपाकघराचं छत बघितलं. पोपडे नाहीत. न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक वीतभर लांबीचा तडा आहे, सळीच्या दिशेने. गवंड्याला बोलावलंय. दुसऱ्या कोटेशनवाल्यांना फोन करून अँकरचं विचारलं. त्यांनी लगेच कंपनी, सळीची जाडी आणि खोली सांगितली, शिवाय म्हणाले की छत बघितल्याशिवाय ते कामच घेत नाहीत. पहिल्यांनी ‘सगळं आमच्यावर सोडा’ म्हटलं.

नणंदेशी बोलले, दिरांना गणपतीत विचारू. डीपी रस्त्याच्या वळणावर आहे, आमचं घर लाइनवर शेवटून दुसरं.

फणसाचं काय करू एवढं सांगा. त्याच्यावर हात टाकायला माझं मन होत नाही, पण सावलीमुळे सगळं फुकट जाणार असेल तर तेही नको. आणि काम कधी सुरू करावं?

जांभा_आणि_तार

ताई, फणस तोडायची काही गरज नाही.

सावली कधीची बघायची हे आधी सांगतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या झाडांची दुपारी काही अडचण नाही. खरी परीक्षा डिसेंबरात, आणि आपल्याकडे स्वच्छ ऊन मिळतं ते त्याच महिन्यांत. तुम्ही दिलेल्या अंतरावरून आणि उंचीवरून हिशेब केला: २१ डिसेंबरच्या सुमाराला सकाळी साडेदहापर्यंत फणसाची सावली गच्चीवर राहील, नंतर सरकेल. शेंडा आठ फूट खाली घेतला तर तीच साडेनऊला सरकेल. साडेनऊच्या आधी वीज तशीही थोडीच तयार होते. तेव्हा या हंगामातले फणस उतरवून झाले आणि पाऊस कमी झाला की गच्चीकडच्या अंगाच्या वरच्या फांद्या माहितगार माणसाकडून छाटून घ्या. बरका फणस खोडाला आणि जाड फांद्यांना धरतो, शेंडा छाटल्याने त्याचं काही बिघडणार नाही. आणि फांद्या फुटत राहणार, दर दोन-तीन वर्षांनी छाटणी करावी लागेल हे धरून चाला.

माडांची उंची तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून नेमकी वेळ सांगत नाही, पण त्यांची सावली दुपार उतरल्यावर येईल. ती सोसायची. एका पॅनेलवर सावली पडली तर ओळीतल्या बाकीच्यांवरही थोडा परिणाम होतो, पण पॅनेलच्या आत सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, त्यामुळे सगळं ठप्प होत नाही. कुणी यावर प्रत्येक पॅनेलला वेगळे लावायचे महागडे ऑप्टिमायझर सुचवले तर तुमच्या जागेला त्यांची गरज नाही.

लाइनवर शेवटून दुसरं घर असेल तर आताच, पॅनेल यायच्या आधी, दुपारी बारा-एकला आणि रात्री आठला घरातलं व्होल्टेज मोजून ठेवा. दुपारी २५० च्या वर दाखवत असेल तर विक्रेत्याला आणि महावितरणला आधीच लेखी कळवा. नंतर इन्व्हर्टर ट्रिप होऊ लागला की हे आकडे कामाला येतात.

सुरुवात अशी करा: नावाचा कागद आणि तड्याची दुरुस्ती आता. पेडेस्टल परतीचा पाऊस संपल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आणि काँक्रीटवर रोज पाणी मारून घ्या. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसून सोलर सुरू झाल्यावरच. अर्थिंगचे खड्डे मात्र त्याच वेळी खणून घेतले तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजून द्यायचं, हे त्या कोटेशनवर हाताने लिहून विक्रेत्याची सही घ्या. आकडा ५ च्या वर गेला तर चौथा खड्डा त्यांच्या खर्चाने, हेही त्यातच लिहा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही.

न्हाणीघराच्या तड्याचा फोटो इथे टाकता आला तर टाका. गवंडी वरून सिमेंट थापून मोकळा होतो, सळी गंजली असेल तर ते पुरत नाही. सळी उघडी करून, तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून मग भरायला सांगा.